बाहेरून लावायच्या खिडक्या

"नलू, त्यांना सांग, डाव्या बाजूची खिडकी उघडी पडलीय."

'त्यांना' म्हणजे मला. सांगणारा जयवंत नेरूरकर, माझा साडू. नलू ही त्याची बायको आणि माझी मेहुणी. आम्ही तिघं आणि चौथी माझी बायको प्रमिला अशा खोलीत बसलो होतो की मधे उभं राहून हात पसरले तर दोन्ही हातांना भिंत लागावी. नेरूरकरचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. तरी निरोप नलूमार्फत आला.

"भाऊजी," नलू म्हणाली, "डाव्या बाजूची खिडकी उघडी पडलीय."

"ऐकलं," मी म्हणालो. "त्यांना विचार, मग मी काय करू?"

"अहो, भाऊजी विचारतायत, मग मी काय करू?"

"बाहेर जाऊन लावायला सांग. ती बाहेरूनच लागते."

संध्याकाळचे पाच वाजले होते आणि आंबोलीचा पाऊस खिडकीतून थेट प्रमिलाच्या मांडीवरच्या पोह्यांच्या डब्यात पडत होता. पोहे भिजवायचेच होते, पण इतके नव्हेत.

ही खोली म्हणजे एका जुन्या पिकअप ट्रकची पाठ. नेरूरकर बोटीवर इंजिनिअर होता. निवृत्त होऊन कोल्हापुरात राहायला आल्यावर त्याने ती लिलावात घेतली. कुठलीशी परदेशी कंपनी कोकणात काहीतरी बांधायला आली होती. ते न बांधता परत गेली आणि जाताना ही गाडी ठेवून गेली. पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक, त्यांच्यामागे आखूड सीट, आणि मागच्या हौद्यात एक भलीमोठी पेटी. पेटीत समोरासमोर दोन बाकं, एक शेगडी, एक बेसिन आणि ड्रायव्हरच्या टपावर दोघांची गादी. गाडी चालत असताना पेटीचं छत खाली बसलेलं असे. मुक्कामाला पोचलं की आतून दोघांनी ते डोक्याने आणि हातांनी वर ढकलायचं. मग ते डब्याच्या झाकणासारखं उचललं जाई आणि मधे चारी बाजूंना ताडपत्रीच्या भिंती ताणल्या जात. नेरूरकर गाडीला 'कॅम्पर' म्हणे. गल्लीतले लोक 'नेरूरकरांचा डबा' म्हणत.

या भिंतींना चार खिडक्या होत्या. आतून डासांची जाळी, आणि जाळीच्या तळाला हातभर लांबीची झिप. ती कशासाठी, हे ज्ञान कंपनीबरोबर परत गेलं होतं. पडदे मात्र बाहेरून. वरची कड शिवलेली आणि बाकी तीन कडांना वेल्क्रोच्या पट्ट्या. दाबलं की चिकटणार, ओढलं की चर्रकन सुटणार. म्हणजे वारा हवा असेल तर बाहेर जा, पडदा सोडव, गुंडाळ, बांध. पाऊस नको असेल तर पावसात बाहेर जा आणि तो आत येऊ नये म्हणून भिजत उभा राहा. घरात बसून खिडकी लावता यावी, ही कल्पना ज्याला सुचली नाही अशा माणसाने ही गाडी बनवली होती. तो बहुधा अविवाहित असावा.

मी छत्री घेतली आणि उठलो. पण मी खाली उतरण्याआधी आम्ही बोलत का नव्हतो ते सांगायला हवं.

हा दोन हजार चार सालचा अधिक श्रावण. अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि त्यात सासूने जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. त्या महिन्यात जावई हा नारायण असतो. एरवी कोण असतो हे कोणी सांगत नाही. आमच्या सासूबाई वेंगुर्ल्याजवळच्या गावी राहत. त्या या बाबतीत काटेकोर होत्या. त्याआधीचा अधिक महिना दोन हजार एकमधला. तेव्हा त्यांनी आम्हा दोन्ही नारायणांना पाटांवर शेजारी शेजारी बसवलं आणि तांब्याच्या दोन ताटांत अनारसे मोजून ठेवले. माझ्यापुढे तेहतीस झाले. नेरूरकरपुढे बत्तीस.

पुन्हा मोजले. बत्तीसच.

ओटीवर शेजारणी जमल्या होत्या. नेरूरकर मोठ्यांदा म्हणाला, "सकाळी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात कोण गेलं होतं, ते आठवतंय का कुणाला?"

मी गेलो होतो. मी गप्प बसलो.

"कमाल आहे!" नेरूरकर म्हणाला. "वजनमापे खात्याच्या देखत माप मारलं गेलं!"

शेजारणी हसल्या. मी चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. किलोत दहा ग्रॅम कमी भरलं म्हणून मी माझ्या सख्ख्या मावसभावाच्या दुकानाला नोटीस दिलेली आहे. मी म्हणालो, "बोटीवरचं डिझेल भर समुद्रात कुठे जातं, ते आम्ही कधी विचारलं का?"

आता कोणी हसलं नाही. नेरूरकर पाटावरून उठला, चपला घातल्या आणि बत्तीस अनारसे तिथेच ठेवून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसला. मी जेवलो. पानात वाढलेलं टाकू नये, एवढाच माझा त्यामागचा विचार होता.

तेव्हापासून बोलणं बंद. बहिणी बहिणी माहेरी जायच्या त्यासुद्धा वेगवेगळ्या, कारण एकीबरोबर एक नवरा यायचा आणि दुसरीबरोबर दुसरा. मग त्या वर्षी अधिक लागायच्या आधी सासूबाईंचं पोस्टकार्ड आलं. दोघींना एकच मजकूर.

"अधिक लागतोय. अनारशांचे तांदूळ भिजत घालायचे की नाही ते कळवा. दोन्ही जावई मिळून येणार असतील तरच घालते. मिळून म्हणजे नुसतं एका गाडीने नव्हे, बोलत. अंगणात शिरताना एकमेकांशी बोलत असलेले मला ओटीवरून दिसले पाहिजेत. नाहीतर या खेपेला वाण नाही. पुढचा अधिक तीन वर्षांनी. मला त्र्याऐंशी चालू आहे. हिशेब जावयांनीच करावा, दोघेही हुशार आहेत."

प्रमिलाने कार्ड वाचून फ्रिजवर ठेवलं आणि दोन दिवस माझ्या ताटात वाढण्यापलीकडे माझ्याशी काही संबंध ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझी आई राहिली नाही, तर ते बत्तीस का तेहतीस घेऊन काय करणार आहात तुम्ही?"

माझी बोलायला ना नव्हती. त्याने आधी बोलावं एवढी एकच माझी अट होती. नलूकडून कळलं की नेरूरकरचीही एकच अट आहे. तीच.

म्हणून बहिणींनी हा प्रवास ठरवला. आम्ही पुण्याहून कोल्हापूरला यायचं आणि तिथून चौघांनी डब्यातून निघायचं. "आम्हाला दोघींना गप्पा मारायच्यात," म्हणून त्या मागच्या सीटवर बसल्या, आणि कोल्हापूर ते आंबोली मी नेरूरकरच्या शेजारी बसून वायपरकडे बघत होतो. दोघांपैकी वायपर जास्त बोलका होता. दुपारनंतरच्या धुक्यात घाट उतरायचा नाही, असंही बहिणींनीच ठरवलं. एका ओळखीच्या माणसाच्या आवारात गाडी लावली, छत वर केलं, आणि अर्ध्या तासात ती खिडकी उघडी पडली.

तर मी उतरलो. एका हातात छत्री, एका हातात स्टूल. पडदा पावसात फडफडत होता. मी स्टुलावर चढलो, तो खाली ओढला आणि पट्टीवर पट्टी दाबली. चिकटेना. मागे ताडपत्री. मी दाबायचो आणि ती आत पोटासारखी जायची. छत्री मानेत धरली तर दोन हात मिळत पण पाणी कॉलरमधून आत जाई. हातात धरली तर पाणी बाहीतून जाई. मी दोन्ही करून बघितलं.

आतून आवाज आला. "नलू, त्यांना सांग, नुसतं दाबून लागत नाही. मी आतून हात टेकवतो, त्यावर दाबायला सांग."

"मी कांदा चिरतेय," नलूचा आवाज. "तुम्हीच सांगा."

"प्रमिलाताई, जरा त्यांना..."

"माझ्या कानात पाणी गेलंय," माझी बायको म्हणाली. ती छताखाली होती. मी नव्हतो.

मग बराच वेळ फक्त पाऊस. मी पडद्याची कड धरून उभा होतो. माझा डावा बूट भरला. नंतर उजवा.

"डावीकडे," ताडपत्री म्हणाली.

तीन वर्षांतला पहिला शब्द. कोणी तरी विचारपूर्वक निवडला असता तर याहून बरा निवडला असता.

"कुणाच्या?" मी म्हणालो.

"माझ्या."

"तुमची डावी म्हणजे माझी उजवी झाली."

"मी तुमच्याकडे तोंड करून बसलोय."

"तुमचं तोंड कुठे आहे ते मला काय दिसतंय?"

"तोंड राहू द्या हो! हात बघा. माझा हात कुठे आलाय तो बघा!"

बघितलं. ताडपत्रीला आतून एक पंजा उमटला होता, पाची बोटांसकट. मी त्यावर माझा पंजा ठेवला आणि दाबला. पट्टी बसली. पंजा वीतभर खाली सरकला. मीही सरकलो. अशी आम्ही तिन्ही बाजूंनी सगळी खिडकी लावली.

आत आलो तर नेरूरकर बायकोला म्हणाला, "त्यांना टॉवेल दे." तोंडासमोर तोंड आल्यावर पुन्हा बंद.

प्रमिलाने चहा ठेवला. पोहे अजून व्हायचे होते, पण लांब दांड्याचं उलथनं मात्र बाहेर काढून ती पदराने पुसत होती. ते ओलं होतं. चहाला उलथनं कशाला, असं माझ्या मनात आलं, पण बत्तीस वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकाबद्दल प्रश्न विचारायचं सोडून दिलं होतं.

चहा संपतो न संपतो तोच, चर्र! उजवी खिडकी.

"काय हा वारा!" नलू म्हणाली.

"बाई गं, काय वारा!" प्रमिला म्हणाली.

या वेळी नेरूरकर उठला. मी अजून ठिबकत होतो, त्यामुळे माणुसकी म्हणून असेल. मी बाकावर गुडघे टेकून जाळीपाशी बसलो आणि ताडपत्रीवर हात ठेवला. बाहेरून स्टूल ठेवल्याचा आवाज आला. आता पुन्हा सुरुवात कुणी करायची हा प्रश्न होता, पण एकदा त्याने केली होती, म्हणून मी केली.

"वर या."

"आलो."

"अजून वर. कोपऱ्यात."

"स्टूल संपलं, सामंत. माझी उंची तेवढीच आहे."

माझं नाव तीन वर्षांनी त्याच्या तोंडून ऐकलं. मी हात खाली आणला. "जहाजावर असल्या खिडक्या असायच्या का हो?"

"जहाजावरच्या आतून लागतात. बाहेर समुद्र असतो."

"मग हे कशाला घेतलंत? लिलावात दुसरं काही नव्हतं?"

त्याचा हात माझ्या हातावर दाबत दाबत खालपर्यंत गेला. मला वाटलं, पुन्हा डिझेल झालं. मग तो म्हणाला, "नलूला कधी बोटीवर नेता आलं नाही. वर्षातले नऊ महिने ती एकटी. पाकिटावर पुढच्या बंदराचा पत्ता घालायची. म्हटलं, आता निदान घर घेऊन फिरू. जिथे थांबेल तिथे ती असेल."

मी मागे वळून बघितलं. नलू कांद्याच्या सालांकडे बघत होती.

"पट्टी बदलून घ्या ही," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं. "जुनी झालीय. वारा आला की सुटते."

बाहेरून त्याचं बोट पट्टीवरून एकदा फिरलं.

"हो," नेरूरकर म्हणाला. "जुनी झालीय खरी."

आत आल्यावर मी त्याला टॉवेल दिला. मधे नलू नव्हती. पोहे खाताना तो म्हणाला, "मीठ आहे का तिकडे?" मी म्हणालो, "आहे." एवढ्यावर दोघींनी एकमेकींकडे असं बघितलं की जणू कोणी शाळेत पहिला आला. पण मीठ देणं म्हणजे बोलणं नव्हे, हे चौघांनाही ठाऊक होतं. सासूबाईंची नजर सत्तर पावलांवरून नकली हसू ओळखत असे.

वर बहिणी आणि खाली बाकं जोडून आम्ही दोघं, असे झोपलो. रात्रभर वारा घोंघावत होता. ताडपत्री फुगत होती, छत करकरत होतं. एकही पडदा सुटला नाही.

सकाळी वारा पूर्ण पडला. बारीक भुरभुर चालू होती. दोघी उठल्या, चहा झाला, आणि मागची खिडकी चर्रकन उघडी पडली.

"वारा!" नलू म्हणाली.

मी स्टूल उचललं. नेरूरकर जाळीपाशी जाऊन बसला. आता याची आम्हाला सवय झाली होती. वास्तविक छत खाली घेऊन निघायचं होतं, म्हणजे पडदा लावायची तशी गरज नव्हती. हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

मी बाहेर स्टुलावर. पंजा उमटला. मी त्यावर हात ठेवला.

"सामंत."

"काय?"

"तो एक अनारसा तुम्हीच खाल्लात ना?"

समोर बघावं तर पडदा. करडा, ओला, बिनचेहऱ्याचा. त्या पडद्यावर रागावता येत नव्हतं आणि त्याच्यापुढे लाजायचंही कारण नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

पंजा जागचा हलला नाही.

"मला वाटलंच होतं," आतून आवाज आला. मग, जरा हळू, "मीही एक खाल्ला होता."

"काय?"

"तुम्ही पाणी पिऊन बाहेर पडलात आणि मी आत गेलो. गरम होते. खसखस अशी..."

"आणि मला चोर म्हणालात! चारचौघींत!"

"अहो, माझ्याच ताटात कमी पडला! मला वाटलं, मी खाल्लेला माझ्याच पुढ्यात कमी भरला, आता सगळे माझ्याकडे बघणार. म्हणून आधी तुमच्याकडे बोट केलं."

"मीही तेवढ्यासाठीच डिझेल काढलं."

"डिझेल फार लागलं हो सामंत. छत्तीस वर्षांत एक लिटर इकडचं तिकडे केलं नाही मी."

"माहीत आहे मला. बोलायला नको होतं."

"माप मारण्याचंही बोलायला नको होतं."

पावसाचे थेंब माझ्या नाकावरून पडद्यावर पडत होते. पट्टी केव्हाच बसली होती. मी दाबत राहिलो, तोही दाबत राहिला.

"थांबा," पडदा एकदम म्हणाला. "तुम्ही एक खाल्लात, मी एक. गेले दोन. लागणार होते सहासष्ट. मग उरायला हवे होते चौसष्ट."

"उरले पासष्ट."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे आईंनी सदुसष्ट केले होते."

"सदुसष्ट कशाला करतील? एक देवापुढे ठेवायला?"

"देवाचा वेगळा होता. मी बघितला होता."

"तुम्ही देवाच्या ताटातही बघून आलात?"

"चौतीस वर्षांची सवय आहे ती!"

छत खाली घेतलं तरी हे चालू होतं. घाट उतरलो तेव्हा नेरूरकरचं म्हणणं असं की एक फुटका असणार, त्याला मोजण्यात घेतलं नसणार. माझं म्हणणं, सासूबाई फुटका अनारसा घरात ठेवत नाहीत. सावंतवाडीला त्याने गाडी थांबवून बोनेटवर बोटाने वजाबाकी केली. शिरोड्याकडे वळताना आमचे आवाज इतके चढले की मागून प्रमिला म्हणाली, "अहो, हळू, रस्त्यातली माणसं बघतायत." आम्ही काचा वर केल्या आणि तसेच पुढे गेलो. गाडी अंगणात केव्हा शिरली ते आम्हाला कळलंच नाही.

"पासष्ट अधिक दोन, सदुसष्ट! यात शंका काय आहे?"

"शंका ही आहे सामंत, की सदुसष्टाला कारण नाही!"

ओटीवर सासूबाई कपाळावर हात धरून उभ्या होत्या. लहानखुऱ्या, नऊवारीतल्या, डोळे मात्र घारीचे.

"गो प्रमिले," त्यांनी विचारलं, "हे बोलतायत की भांडतायत?"

"दोन्ही, आई."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "चालेल," म्हणाल्या, आणि आत वळल्या. वळताना त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं. ते त्यांनी कोणाला दाखवायला धरलं नव्हतं.

तांदूळ त्यांनी आधीच भिजत घातले होते. आमचा होकार पोचायच्या आधीच.

दुपारी पाट मांडले. रांगोळी, समई, तांब्याची तीच दोन ताटं. सासूबाई मोठ्याने मोजत गेल्या. माझ्यापुढे तेहतीस. नेरूरकरपुढे एकतीस, बत्तीस... तेहतीस. त्यांनी वर निरांजन ठेवलं आणि आम्हाला कुंकू लावलं.

"आई," नेरूरकर म्हणाला, "एक विचारू का? गेल्या खेपेला तुम्ही अनारसे किती केले होते?"

सासूबाई वात सारखी करत होत्या. "अडुसष्ट."

"अडुसष्ट?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मग काय? लग्न झाल्यापासून बघतेय. वाणाच्या दिवशी दोन्ही जावयांना स्वयंपाकघरातच तहान लागते. माठ ओटीवर आहे, तिथे नाही लागत. म्हणून मी दर खेपेला दोन जास्तीचे करते."

मी नेरूरकरकडे बघितलं. त्याने डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ हलत होते. "अडुसष्ट वजा दोन, सहासष्ट," तो म्हणाला. "म्हणजे आम्ही खाऊनसुद्धा बरोबर व्हायला हवे होते. मग पासष्ट का निघाले?"

सासूबाईंची वात एकाएकी फारच बिघडली. त्यांनी ती पुन्हा सारखी केली.

"आई?" नलू म्हणाली.

"तेव्हा नुकतीच माझी साखर निघाली होती," सासूबाई वातीला म्हणाल्या. "तुम्ही दोघींनी गुळाचा डबा माळ्यावर टाकलात. मला गुळाचा वाससुद्धा येऊ देत नव्हतात."

"आई!"

"नीट तळला गेलाय की नाही ते तळणाऱ्याने बघायला नको? एक बघितला."

समईचा आवाज येत होता असं म्हणायला हरकत नाही.

"आणि तीन वर्षं तू गप्प बसलीस?" प्रमिलाने विचारलं.

"काय सांगू? जावयाने चोरून खाल्लं तर लोक कौतुकाने हसतात. सासूने खाल्लं तर?" त्यांनी आमच्याकडे बघितलं, पहिल्यांदाच सरळ. "मला वाटलं, दिवाळीला बोलतील. मग वाटलं, संक्रांतीला बोलतील. मग वाटायला लागलं, मी जाईन आणि हे तसंच राहील. माझ्या एका अनारशापायी. म्हणून कार्ड टाकलं."

नेरूरकर पाटावरून उठला. गेल्या खेपेला तो उठला होता तेव्हा एसटीच्या थांब्यावर गेला होता. तो वाकला आणि त्याने सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मीही उठलो. आमची डोकी एकमेकांवर आपटली.

"या खेपेला किती केलेत आई?" मी डोकं चोळत विचारलं.

"एकोणसत्तर," त्या म्हणाल्या. "आणि तीन अजून आत आहेत. तुम्ही गाडीतून उतरल्यापासून पाणी प्यायला नाहीत दोघे. जा."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी प्यायलो. तिसरा अनारसा प्रमिलाने बाहेर नेला, मोडून अर्धा आईच्या हातावर ठेवला. सासूबाईंनी तो खाल्ला आणि उरलेल्या अर्ध्याकडे बघत राहिल्या. शेवटी नलूने तोही दिला.

त्यानंतर सासूबाईंनी आणखी दोन अधिक महिने बघितले. दोन्ही वेळा आम्ही डब्यातूनच गेलो आणि दोन्ही वेळा अनारसे एकोणसत्तर होते.

मग नेरूरकरचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्याने डबा विकायला काढला. सांगलीचं एक दातांचं डॉक्टर जोडपं बघायला आलं. मीही तेव्हा कोल्हापुरातच होतो. आता वर्षातला महिनाभर आम्ही तिकडेच घालवतो. प्रमिला आणि नलू आतली भांडी काढून पिशवीत भरत होत्या. डॉक्टरने एका पडद्याची पट्टी ओढून बघितली. चर्र.

"वाऱ्यात सुटत नाही ना हो ही?" त्याने विचारलं.

"वाऱ्यात?" नेरूरकर म्हणाला. "छे! दोन हजार चारच्या पावसाळ्यात आम्ही आंबोलीला गेलो, त्याच्या आदल्या आठवड्यात सगळ्या पट्ट्या नव्या करून घेतल्या. तंबू शिवणाऱ्याकडून, दुहेरी शिलाई मारून. तेव्हापासून वाऱ्याने एकदाही सुटलेली नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता, अत्यंत निरागसपणे.

"आदल्या आठवड्यात?" मी म्हणालो.

"आदल्या आठवड्यात."

"मला तर म्हणालात, जुनी झालीय."

"तुम्ही म्हणालात. मी हो म्हटलं."

डॉक्टरची बायको आत चढली होती. ती जाळीपाशी वाकून म्हणाली, "आणि ही खाली झिप कशासाठी दिलीय?"

नेरूरकरने खांदे उडवले. "ते काय मला माहीत नाही बुवा," तो म्हणाला. "या दोघींना विचारा."

प्रमिलाच्या हातात लांब दांड्याचं उलथनं होतं. तिने नलूकडे बघितलं. नलू छताकडे बघायला लागली.

"हवा यायला," प्रमिला म्हणाली, आणि तिने उलथनं पिशवीत घातलं, दांडा आधी.